शब्दांतले खेळ आणि लहान खेळगडी

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत ‘ऑनलाइन खेळांवर बंदी हवी’ हा विषय होता. दोन्ही बाजूंचे वक्ते तावातावाने बोलले. कोणी बंदुकांच्या खेळांवर तोंडसुख घेतले, कोणी पैसे लावून खेळायच्या खेळांवर. कोणी डोळ्यांचे विकार मोजून दाखवले, तर कोणी बोटे किती चपळ होतात ते सांगितले. बक्षीस बंदीच्या बाजूला गेले. पण ज्या खेळात चित्र नाही, आवाज नाही, पैसा नाही, केवळ लिहिलेले शब्द आहेत, त्याचा उल्लेख दोन तासांत एकदाही झाला नाही. तो खेळणारी वीस-पंचवीस मुलेमुली आपल्या आवारात मला माहीत आहेत. मी त्यांतलीच एक. गेली तीन वर्षे तर मी अशा एका खेळाची सूत्रधार आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना थोडी कल्पना देते. फोनवर किंवा संगणकावर खेळाडूंचा एक समूह असतो. सूत्रधार, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत गेम मास्टर, प्रसंग लिहितो : ‘गडाचा दरवाजा बंद आहे. आत कुत्री भुंकत आहेत. पावसाला सुरुवात झाली आहे. आता काय करता?’ मग प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राचे बोलणे-वागणे लिहितो. कोणी सरदाराची मुलगी असते, कोणी वैदू, कोणी पळून आलेला कैदी. एखादी लिहिते, ‘मी झोळीतला भाकरीचा तुकडा कुत्र्याला टाकते.’ त्यावर सूत्रधार पुढचे लिहितो. कधी फासा टाकून निकाल लावतो. अशी एकेक कथा सहा-सहा महिने चालते. भातुकलीच म्हणा ना, पण लिहून खेळायची.

आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना ताळमद्दळे म्हणजे काय ते सांगायला नको. वेष नाही, नाच नाही. भागवत पद म्हणतो आणि बसल्या जागी कलावंत कृष्ण होतो, कर्ण होतो, ऐन वेळी सुचेल तसा वाद घालतो. मराठी वाचकांना कोकणातला आणि गोव्यातला दशावतार आठवावा. तिथेही संवाद लिहून दिलेले नसतात. तेव्हा पात्र होऊन उत्स्फूर्त बोलणे ही कला आपल्या दोन्ही भाषांच्या मुलखाला परकी नव्हे. फरक एवढाच, की दशावताराच्या नटासमोर सारा गाव बसलेला असतो आणि पुढच्या रांगेत पोरे मांडी घालून बसलेली त्याला दिसत असतात. राक्षस कितीही माजला तरी कुठे थांबायचे ते त्याला त्या रांगेकडे पाहून कळते. आमच्या खेळात पुढची रांग दिसत नाही. माझ्या लेखाचा सारा विषय ही न दिसणारी रांग आहे.

गंमत अशी, की संगणकावरचा हा खेळ जन्माला आला तोच मुलांसाठी. अमेरिकेतील विल क्राउथर हा संगणकाचा प्रोग्रॅमर आणि गुहा धुंडाळण्याचा शौकीन. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या अफाट गुहेचे नकाशे करणाऱ्यांपैकी तो एक. घटस्फोट झाल्यावर मुलींशी नाते तुटू नये म्हणून त्याने १९७५-७६ च्या सुमारास त्यांच्यासाठी एक खेळ लिहिला. पडद्यावर गुहेचे वर्णन उमटे. मुलींनी ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ अशा दोन-दोन शब्दांच्या आज्ञा द्यायच्या. पुढे १९७७ मध्ये डॉन वुड्स याने त्यात भर घातली आणि तो खेळ विद्यापीठा-विद्यापीठांत पसरला. त्या गुहेत खुजे लोक कुऱ्हाडी फेकत, दिवा विझला तर खड्ड्यात पडून मरण येई. तरीही ती गुहा मुलींसाठी सुरक्षित होती, कारण तिच्यातले प्रत्येक वाक्य बापाने आधी लिहून ठेवलेले होते.

१९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ सुरू केला. रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढवला. त्यात एकाच गुहेत अनेक जण एका वेळी शिरू लागले आणि एकमेकांशी बोलू लागले. आता पुढचे वाक्य कोण लिहिणार आणि काय लिहिणार, हे खेळ तयार करणाऱ्यालाही सांगता येईना. प्रश्न इथून सुरू झाला. अमेरिकेत १९९४ पासून खेळांच्या डब्यांवर वयाची शिफारस छापणारी ‘ईएसआरबी’ ही संस्था आहे. तीसुद्धा ऑनलाइन खेळाडूंचे आपापसांतले बोलणे आमच्या श्रेणीत धरलेले नाही, असे स्वच्छ सांगून मोकळी होते. प्रामाणिकपणाच म्हणायचा. दुकानदाराने तांदूळ पारखून दिला तरी भात कोण कसा शिजवील याची हमी तो देत नाही.

नुसते शब्द, त्याने काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी १९९३ सालचे लॅम्डामू प्रकरण वाचावे. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रातून पावेल कर्टिस हे लॅम्डामू नावाचे शब्दांचे जग चालवीत असत. त्यात एका खेळाडूने एक लहानसा प्रोग्रॅम वापरून इतरांची पात्रे आपल्या मर्जीप्रमाणे नाचवली. स्वतः न लिहिलेली किळसवाणी कृत्ये आपल्या पात्राच्या नावावर सर्वांसमोर पडद्यावर उमटताना त्या बायकांना पाहावी लागली. ज्यूलियन डिबेल या पत्रकाराने त्यावर न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात दीर्घ लेख लिहिला. त्या लेखाने पुष्कळांना प्रथमच समजले, की शब्दांनी झालेली इजा ही इजाच असते. ही सारी प्रौढ माणसे होती. तिथे अकरा वर्षांचे पोर असते तर?

असे पोर माझ्या खेळात होते. आमची कथा सह्याद्रीतल्या एका काल्पनिक गडावर चालते. खेळणारे बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूर, पणजी असे कुठकुठले. बहुतेक महाविद्यालयातले, दोन नोकरी करणारे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत एक नवा खेळाडू आला. वय विचारले तर ‘१८’ म्हणाला. पण त्याचे पात्र, गडाचा म्हणे शूर सेनापती, प्रत्येक लढाईच्या आधी पोटभर जेवायचे, जेवणात नेहमी मॅगी असायची, आणि रोज रात्री साडेनऊला ऐन रणधुमाळीत ‘मला बोलावतात’ असे लिहून नाहीसे व्हायचे. फोन थोरल्या बहिणीचा होता, आणि सेनापती सहावीत होता.

आता काय करायचे? रूढ उत्तरे दोन आहेत. एक शब्दांची चाळणी, दुसरे वयाची फाटकावरची अट.

चाळणी म्हणजे वाईट शब्दांची यादी करून ते यंत्राकडून अडवायचे. १९९६ मध्ये अमेरिकेतील एओएल या सेवेने इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना नावनोंदणीच करू दिली नव्हती; गावाच्या स्पेलिंगच्या पोटात यंत्राला एक अश्लील शब्द सापडला होता. आपल्याकडे दीक्षित आडनावाच्या मुलांचे रोमन लिपीत काय हाल होतात ते त्यांनाच विचारावे. शितोळ्यांचेही तेच. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे दरवर्षी माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी आळंदीला जातात, पण इंग्रजी चाळणीला त्या नावात भलतेच दिसते. उलट मराठीतली अस्सल शिवी रोमन अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिता येते आणि चाळणीला त्यातली एकही कळत नाही. बरे, वाईट शब्द अडवण्याऐवजी निवडक चांगलेच शब्द वापरायला द्यावेत, तर त्याचाही अनुभव घेऊन झाला आहे. १९९० च्या दशकात डिस्नेच्या एका मुलांच्या ऑनलाइन जगासाठी अशी योजना झाली, की मुलांनी दिलेल्या शब्दांतूनच वाक्ये जुळवायची. चाचणीसाठी १४ वर्षांच्या एका मुलाला बसवले. त्याने जिराफ आणि ससा यांच्यासारखे निष्पाप शब्द जुळवून काही मिनिटांतच असे वाक्य तयार केले, की मोठ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. वात्रटपणा शब्दात नसतो, तो वाक्यात असतो, आणि वाक्याला यादी नसते.

याहून मोठी अडचण पुढेच आहे. मुलाला खरोखर अपाय करणारी वाक्ये बहुधा सोज्वळ असतात. त्याबद्दल पुढे सांगते.

दुसरा उपाय वयाची अट. जिथे तिथे १३ हा आकडा दिसतो, तो अमेरिकेच्या एका कायद्यामुळे. १९९८ मध्ये मंजूर होऊन २००० मध्ये अमलात आलेल्या त्या कायद्याने १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करायला मनाई केली. कंपन्यांनी सोपा मार्ग काढला : तेरांखालच्यांना प्रवेशच नाही. मुलांनी त्याहून सोपा काढला : जन्मसाल बदलायचे. डॅना बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तर असे दिसले, की फेसबुकवर मुलांचे खोटे वय घालायला पुष्कळदा आईबापच मदत करतात. आपल्या देशात २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्याने १८ खालील सर्वांनाच मूल मानले आहे. त्याचा रोख कंपन्यांवर आहे आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला त्यात बंदी आहे, हे उत्तमच. पण खेळाच्या दृष्टीने पाहिले तर पीयूसीत शिकणारा सतरा वर्षांचा मुलगा आणि तिसरीतली मुलगी यांना एकाच बाकावर बसवून काय निष्पन्न होणार? आपल्याच आवारात पीयूसीचे वर्ग भरतात. ती मुले आमच्याबरोबर कँटीनमध्ये चहा पितात, गॅदरिंगच्या नाटकात कामे करतात, आणि आमच्या खेळात यायचे तर मात्र वय चोरतात.

माझी खरी तक्रार ही आहे. खरे वय सांगितले की हकालपट्टी, खोटे सांगितले की प्रवेश, असा नियम आपणच करतो आणि मग मुले खोटी म्हणून डोळे वटारतो. वय चोरलेल्या मुलाला कोण जपणार? त्याला त्रास झाला तर तो सांगणार कोणाला? सांगायला गेला की आधी त्याचेच बिंग फुटते. अटीमुळे मूल बाहेर राहत नाही. ते आतच राहते, फक्त दिसेनासे होते.

आम्ही सेनापतीला काढले नाही. त्याच्या बहिणीशी बोललो, तिने घरी सांगितले, आणि खेळाचे दोन भाग केले : ‘वाडा’ आणि ‘अंगण’. सोळाच्या आतल्या सर्वांसाठी अंगण; मोठ्यांनाही तिथे यायला मुभा, पण आले की अंगणाचे नियम. वाड्यात मोठ्यांची कथा चालते आणि तिथे वय सांगूनच शिरता येते. खरे वय सांगितल्याने काही गमवावे लागत नाही म्हटल्यावर तीन महिन्यांत आणखी चौघांनी आपले वय दुरुस्त करून सांगितले. त्यांतला एक तर मला दादा वाटत होता इतका पोक्त लिहायचा. तो निघाला नववीतला.

अंगणातली कथा गुळमुळीत असते असे मात्र कोणी समजू नये. लहानांना योग्य म्हणजे हिरव्या कुरणात ससे बागडताहेत, अशी काहींची समजूत असते. मुलांना असल्या कथेत दोन दिवसांत जांभया येतात आणि ती निमूट दुसरीकडे जातात, जिथे कोणाचेच लक्ष नसते. आमच्या अंगणात भुते आहेत, फितुरी आहे, लढाई आहे, मरणही आहे. सेनापतीचा घोडा मेला तेव्हा त्याने तीन रात्री त्याची समाधी बांधण्यात घालवल्या. दगड कुठून आणले, पाणी कोणी शिंपडले, सगळे लिहिले. भीती आणि दुःख ही मुलांना वर्ज्य नाहीत. वर्ज्य आहे ते छळाचे चवीने केलेले वर्णन, शरीरसंबंधाचे खेळ, आणि खेळाच्या आडून खऱ्या मुलाची केलेली मानहानी. पात्राला गद्दार म्हणता येते. पात्र लिहिणाऱ्या मुलाला ‘तुला मराठी लिहिता येत नाही’ असे म्हणता येत नाही. हा शेवटचा नियम आमच्या सीमाभागात फार लागतो. अंगणातली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमातली आहेत. घरात मराठी किंवा कन्नड बोलतात, लिहीत मात्र काहीच नाहीत. इथे ती रोज रात्री दहा-पंधरा ओळी लिहितात. आधी रोमन लिपीत, मग कोणाचे तरी पाहून देवनागरीत, ऱ्हस्व-दीर्घाचा धुव्वा उडवीत का होईना. वादविवाद स्पर्धेत बंदी मागणाऱ्या वक्त्यांनी ही एक जमेची बाजू वहीत लिहून ठेवावी. अमेरिकेत एमआयटीमध्ये एमी ब्रकमन यांनी १९९० च्या दशकात ‘मूस क्रॉसिंग’ नावाचे शब्दांचे जग मुद्दाम लहान मुलांसाठी उभारले होते. त्यात मुले स्वतः जागा आणि प्राणी निर्माण करीत, आणि तसे करताना लिहायला आणि प्रोग्रॅम करायला शिकत. लहानांना बाहेर ठेवण्याऐवजी त्यांच्यासाठी जागा बांधावी, हा विचार तेव्हाही कुणाला तरी सुचला होता.

टेबलाभोवती बसून खेळणाऱ्यांत ‘एक्स-कार्ड’ नावाची एक प्रथा आहे. मध्ये एक कार्ड ठेवलेले असते. कोणालाही प्रसंग नकोसा झाला तर त्याने त्या कार्डाला हात लावायचा, प्रसंग तिथेच तुटतो, कारण विचारायचे नाही. आम्ही तिला मराठी रूप दिले. कोणीही ‘पडदा’ एवढा एकच शब्द लिहायचा. सूत्रधाराने लगेच ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ असे लिहून कथा पुढे न्यायची. ताळमद्दळ्यात बोलणे भलतीकडे लांबले की भागवत पुढचे पद उचलतो, तसेच हे.

या पडद्यावरून आमच्यात जुंपली आहे, आणि अजून ती मिटलेली नाही. अभियांत्रिकीत शिकणारा एक खेळाडू फार सुरेख लिहितो. पकडलेल्या हेराच्या चौकशीचा प्रसंग त्याने अंगणात लिहायला घेतला. नखे, तापलेली सळई वगैरे. चौथ्या ओळीला कोणीतरी ‘पडदा’ लिहिले. त्याने मला रात्री अकराला फोन करून सुनावले : “तुम्ही शाळा काढा शाळा! महाभारतात छातीचं रक्त पितात ते चालतं, आणि मी सळई लिहिली की पडदा?” प्रश्न बिनतोड आहे, हे मान्य. माझे उत्तर असे, की महाभारत ऐकणारे मूल आजीच्या मांडीवर असते; नको वाटले तर ते पदरात तोंड लपवते, आणि आजीला ते कळते. आमच्याकडे पदर नाही, म्हणून पडदा. शिवाय वाड्यात त्याला लिहायला कोणी अडवत नाही. तिथे त्याने तो प्रसंग पुरा केला, आणि मला तो वाचून झोप लागली नाही, ही त्याच्या लेखणीला माझी दाद. पण कला म्हणून जे लिहायचे ते सहावीतल्या मुलासमोरच लिहायला हवे, असा हट्ट धरणाऱ्याला कलेपेक्षा प्रेक्षक हवा असतो, असे माझे मत आहे. तो हे वाचीलच. भांडायला सवड ठेवली आहे.

आता त्या सोज्वळ वाक्यांविषयी. अंगणात तेरा वर्षांची एक मुलगी होती. तिचे पात्र नावाडी होते आणि नदीचे वर्णन ती असे करी, की आम्ही सारे वाट पाहत असू. वाड्यातला एक खेळाडू, वय त्याच्याच सांगण्याप्रमाणे २६, अंगणातही येऊ लागला. तो कधी वावगे बोलला नाही. त्याचे पात्र तिच्या पात्राला सगळ्या संकटांतून सोडवी. पुढे त्याने तिला खासगी निरोप पाठवायला सुरुवात केली. तिने मला दाखवलेले निरोप मी वाचले आहेत. ‘तुझं वय लहान असलं तरी तुझी समज मोठी आहे.’ ‘इथे सगळ्यांसमोर नको, आपली कथा आपण वेगळी लिहू.’ ‘सूत्रधार ताईला सांगू नको, तिला वाईट वाटेल.’ मग घरी कोण असते, आई कामावर कधी जाते. जगातली कुठलीही चाळणी लावा, यातला एक शब्दही अडणार नाही. आणि वयाची अट? त्याने आपले वय अगदी खरे सांगितले होते.

ती मुलगी बोलली, कारण ‘खासगीत कथा नाही’ हा नियम तिला पाठ होता आणि त्याने तो मोडला एवढेच तिला खटकले होते. त्याला त्याच रात्री काढले. निरोपांची चित्रे घेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला जाऊन भेटले. ते सांगणे भागच होते. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तू सांगितलंस ते बरं केलंस पोरी. पण आता तो फोन नको नि ते खेळणंही नको.” त्या माउलीला दोष देण्याची माझी लायकी नाही. तिच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. पण हिशेब पाहा : वाईट वागला तो नवे नाव घेऊन कुठल्याही दुसऱ्या खेळात जाऊ शकतो, आणि खरे बोलली तिची नदी गेली. अंगणातल्या बाकीच्या मुलांनी यातून काय धडा घेतला असेल, हे सांगायला मानसशास्त्राची पदवी नको. पुढचे दोन महिने एकाही मुलाने माझ्याकडे कसलीच तक्रार आणली नाही. कोणाला ती शांतता वाटेल; मला ती फार भीतिदायक वाटली.

म्हणून मी या निष्कर्षाला आले आहे, की मुलांसाठी खेळ योग्य आहे की नाही याची कसोटी त्यात कोणते शब्द येतात ही नाहीच. ‘मला हे आवडले नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाची जागा शाबूत राहते का, एवढे पाहावे. आता अंगणात नवे मूल आले की आम्ही घरच्या मोठ्यांशी आधीच बोलतो आणि एक शब्द मागून घेतो : मुलाने काही सांगितले तर फोन काढून घेणार नाही. काही पालक कबूल होतात, काही हसतात, एका काकांनी तर ‘तुम्ही कोण सांगणार’ म्हणून फोन ठेवला. अंगणात एका वेळी दोन सूत्रधार हजर असतात, एकटा कोणी नसतो. सूत्रधारावरही कोणाची नजर हवीच. साडेनऊला अंगण बंद. लहानाला खासगीत बोलावणारा मोठा पहिल्याच वेळी बाहेर, समज देणे वगैरे काही नाही. आणि प्रकरण हाताबाहेरचे दिसले तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक समूहाच्या माथ्यावरच लिहून ठेवला आहे. विद्यार्थ्यांनी पोलीस व्हायचे नसते. पण पुरावा पुसू नये आणि कळवायला उशीर करू नये, एवढे तर आपल्या हातात असते.

‘एवढ्या उपद्व्यापापेक्षा यंत्रालाच सूत्रधार करा ना,’ असे संगणकशास्त्राच्या एका मित्राने सुचवले. तशी यंत्रे आली आहेतच, आणि एकटी मुले त्यांच्याकडे वळतही आहेत. ‘एआय डंजन’ हा २०१९ चा खेळ. त्यात कथा यंत्रच रचते. २०२१ मध्ये त्याच्या कंपनीने मुलांसंबंधीचे अश्लील लेखन रोखण्यासाठी चाळणी बसवली. हेतू रास्त होता. पण आठ वर्षे वापरलेल्या लॅपटॉपचा उल्लेखही त्या चाळणीत अडकतो असे खेळाडूंनी दाखवून दिले, आणि आपल्या खासगी कथा कंपनीची माणसे वाचू शकतात हे कळल्यावर त्यांचा संताप झाला. ‘कॅरेक्टर एआय’ या सेवेवर २०२४ मध्ये फ्लॉरिडातील एका आईने आपल्या १४ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर दावा लावला. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कंपनीने १८ खालच्यांना मोकळ्या गप्पांची सोयच बंद केली. यंत्राला थकवा येत नाही, ते रागावत नाही, साडेनऊला झोपायला जा म्हणत नाही. मुलांना ते आवडते ते नेमके याच कारणासाठी. सेनापती एक दिवस लढाईआधी जेवला नाही, तेव्हा माझ्या जोडीच्या सूत्रधाराने विचारले, ‘आज मॅगी नाही?’ त्याचा आजोबा दवाखान्यात होता. हे यंत्राने विचारले असते की नाही, यावर आमच्या संगणकशास्त्राच्या मित्राने वाटल्यास पुढच्या अंकात लिहावे.

येत्या जूनपासून पीयूसीच्या मुलांसाठी तिसरा भाग काढायचे ठरले आहे. सोळा-सतराची ही मुले अंगणात अवघडतात आणि वाड्यात आम्हाला नको असतात. नाव अजून सुचलेले नाही. ‘ओसरी’ म्हणावे असे काहींचे म्हणणे आहे. प्रेमाच्या कथा तिथे चालतील की नाही, यावर दोन बैठका झाल्या आणि दोन्हींत चहाच फार झाला. माझे मत चालाव्यात असे आहे, मोठ्यांनी त्यांत पात्र न घेण्याच्या अटीवर.

एक अडचण मात्र मला एकटीला सोडवता येत नाही. या मुलांचे लिहिणे अर्धे मराठी आणि अर्धे कन्नड असते. एका वाक्यात दोन्ही. मला कन्नड वाचता येते, अर्थही लागतो, पण टोमणा कळत नाही. कोणी लाडाने बोलले की खिजवले, हे ज्याला ऐकताक्षणी समजते असाच माणूस तिथे बसवायला हवा. कन्नड विभागातून ओसरीसाठी दोन सूत्रधार हवे आहेत, त्यांतली एक तरी मुलगी असावी. रोज रात्री आठ ते साडेनऊ, परीक्षेचे दिवस सोडून. ग्रंथालयाच्या फलकावर कागद लावला आहे, त्यावर नाव आणि वर्ग लिहावा.